यकृताचा कडकपणा मोजताना: शिअर वेव्ह इलॅस्टोग्राफी शिकणाऱ्यांसाठी

कडक झालेला अवयव हाताला वेगळा लागतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पोट चाचपून यकृताची कड शोधणे किंवा स्तनातली गाठ बोटाखाली हलते की रुतून बसली आहे हे पाहणे, या तपासण्या आजही रोज होतात. मात्र बोटांना बरगड्यांच्या आड जाता येत नाही, आणि बोटांना जे कळते ते सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाला पडताळून पाहता येत नाही. इलॅस्टोग्राफीने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली आहे. सुई न टोचता, सोनोग्राफी किंवा एमआरआयच्या मदतीने मऊ ऊतींचा कडकपणा आता आकड्यात मांडता येतो.

ज्यांना प्रोब धरता येतो, पडद्यावरचे यकृत ओळखता येते, पण यंत्रावरचे इलॅस्टोग्राफीचे बटण अजून वापरलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यकृत हाच मुख्य अवयव धरला आहे, कारण या तंत्राचा सर्वाधिक वापर तिथे होतो आणि तिथले नियमही सर्वात पक्के आहेत. एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी: बटण दाबले की आकडा येतोच. तो तंतुमयतेमुळे (फायब्रोसिस, म्हणजे यकृतात साचलेल्या व्रणासारख्या ऊतीमुळे) वाढला, की नुकत्याच झालेल्या जेवणामुळे, ओढून धरलेल्या श्वासामुळे किंवा भलत्याच जागी ठेवलेल्या मापनाच्या चौकटीमुळे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणूनच पुढच्या पायऱ्यांपैकी बहुतेक बटण दाबण्यापूर्वीच्या आहेत.

नेमके काय मोजले जाते

नेहमीच्या सोनोग्राफीत ध्वनी अनुतरंगाच्या रूपाने जातो. त्याचा वेग मऊ ऊतींमध्ये सगळीकडे जवळजवळ सारखाच, सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो, त्यामुळे त्या वेगावरून कडक आणि मऊ यांतला फरक फारसा कळत नाही. ऊतीला बाजूने हलकासा धक्का बसला, तर मात्र तिच्यात आडवी थरथर पसरते. हा अवतरंग, म्हणजेच शिअर लहर, अतिशय संथ असतो; त्याचा वेग सेकंदाला साधारण १ ते १० मीटर एवढाच असतो, आणि ऊती जितकी कडक तितका तो वाढतो. सैल दोरीतून जाणारी लाट रेंगाळते आणि ताणलेल्या दोरीतून ती झटकन पलीकडे पोहोचते, तसेच काहीसे येथे घडते. धक्का दिल्यावर ही लहर किती वेळात किती अंतर गेली हे यंत्र सेकंदाला हजारो चित्रे घेऊन पाहते आणि वेग काढते.

या वेगावरून किलोपास्कल काढण्याचे सूत्र सोपे आहे. वेगाचा वर्ग, गुणिले ऊतीची घनता, गुणिले तीन, म्हणजे यंगचा गुणांक, अर्थात किलोपास्कलमधले कडकपणाचे माप. घनता पाण्याइतकी धरली तर सेकंदाला १ मीटर वेग म्हणजे ३ किलोपास्कल, १.५ मीटर म्हणजे ६.७५ आणि २ मीटर म्हणजे १२ किलोपास्कल. वेग दुप्पट झाला की किलोपास्कल चौपट होतात, हे लक्षात ठेवावे. पुढे वाचनांचा पसारा तपासताना ते उपयोगी पडते. या सूत्रामागे ऊती सर्व दिशांना सारखी, एकजिनसी आणि निव्वळ लवचीक आहे असे गृहीतक आहे. यकृताच्या बाबतीत ते चालून जाते, स्नायूच्या बाबतीत चालत नाही.

धक्का कसा दिला जातो, यावरून पद्धतींचे प्रकार पडतात. ट्रान्झियंट इलॅस्टोग्राफीत, जी फायब्रोस्कॅन या नावाने सर्वांना माहीत आहे, प्रोबचे टोक त्वचेवर ५० हर्ट्झची हलकी टिचकी मारते. तिथे यकृताचे नेहमीचे चित्र दिसत नाही. पॉइंट शिअर वेव्ह आणि टू-डी शिअर वेव्ह या पद्धतींत प्रोबमधून निघालेला ध्वनीचा एक जोरदार झोत, म्हणजे पुश पल्स, ऊतीला आतल्या आत ढकलतो. पहिलीत एका छोट्या चौकटीचा एकच आकडा मिळतो आणि दुसरीत रंगीत नकाशा. एमआर इलॅस्टोग्राफीत बरगड्यांवर ठेवलेली चकती सतत कंप देत राहते. या सर्वांहून वेगळी आणि जुनी पद्धत म्हणजे स्ट्रेन इलॅस्टोग्राफी. जोनाथन ओफिर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत प्रोबने हलके दाबून कोणता भाग किती दबला याची तुलना केली जाते. तिथे नेमका किती जोर लागला हे माहीत नसल्याने किलोपास्कल मिळत नाहीत, फक्त शेजारच्या भागापेक्षा हा भाग कडक की मऊ एवढेच कळते. स्ट्रेनच्या रंगीत चित्राला मापन समजणे ही नवख्यांची नेहमीची गफलत आहे.

रुग्ण टेबलावर येण्याआधी

रुग्णाने तपासणीपूर्वी किमान ४ तास काही खाल्लेले नसावे. जेवणानंतर आतड्यांकडून पोर्टल शिरेतून यकृताकडे येणारा रक्तप्रवाह वाढतो, यकृत किंचित फुगते, आणि आवरण फारसे ताणले जात नसल्याने आतला दाब वाढून कडकपणा जास्त दिसतो. केवळ चहा-बिस्कीट घेतले असे सांगणाऱ्या रुग्णाची तपासणीही पुढे ढकलणे शहाणपणाचे. जिने चढून आलेल्या रुग्णाला दहा मिनिटे शांत बसू द्यावे.

त्यानंतर रक्ताचे अहवाल पाहावेत, आणि ही पायरी कधीही वगळू नये. एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) कमाल मर्यादेच्या पाचपटीहून अधिक असेल, तर यकृताला तीव्र सूज आहे आणि तेवढ्यानेच कडकपणा सिरॉसिसच्या पातळीला जाऊन भिडू शकतो. पित्तनलिका अडल्यामुळे झालेली कावीळ, हृदयाच्या उजव्या बाजूच्या अपयशामुळे यकृतात तुंबलेले रक्त, यकृतात साचलेले अमायलॉइडसारखे पदार्थ, हे सारे तंतुमयता नसतानाही आकडा चढवतात. अशा स्थितीत मापन तांत्रिकदृष्ट्या निर्दोष झाले, तरी त्याचा अर्थ तंतुमयता असा लावता येत नाही. शक्य असेल तर सूज ओसरेपर्यंत थांबावे, आणि थांबणे शक्य नसेल तर हे कारण अहवालात स्पष्ट लिहावे.

मांडणी आणि खिडकी

रुग्णाला पाठीवर झोपवावे किंवा डाव्या कुशीकडे साधारण ३० अंश कलवावे. उजवा हात डोक्यावर घ्यायला सांगावा, म्हणजे बरगड्यांमधल्या फटी रुंद होतात. मापन यकृताच्या उजव्या भागात, बरगड्यांमधल्या फटीतूनच करावे. डावा भाग पोटाच्या वरच्या बाजूने सहज दिसतो म्हणून तिथे मोजण्याचा मोह होतो. पण हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो हलतो आणि प्रोबच्या दाबाखाली लगेच चेपला जातो, त्यामुळे तिथले आकडे चढे आणि अस्थिर येतात.

आता इलॅस्टोग्राफी बाजूला ठेवून आधी नेहमीचे चित्र नीट मिळवावे. चित्र अंधुक असेल, बरगडीची काळी सावली आडवी येत असेल किंवा फुप्फुसाची हवा कोपऱ्यातून डोकावत असेल, तर रंगीत नकाशा कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यावर विसंबू नये. पुश पल्स आणि तिचा माग काढणारे ध्वनी याच खिडकीतून जातात. ज्या वाटेने साधे चित्र येत नाही, त्या वाटेने नाजूक थरथरीची मोजणी येणार नाही. फटीची निवड, प्रोबचा कल, जेलचे प्रमाण यांवर इथे दोन मिनिटे जास्त गेली तरी चालतील. यकृताचे आवरण पडद्यावर आडव्या, ठळक, पांढऱ्या रेषेसारखे दिसले की प्रोब आवरणाला काटकोनात आहे असे समजावे. ती रेषा तिरकी किंवा पुसट असेल तर प्रोब अजून जागेवर नाही.

चौकट कुठे ठेवावी

सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात. आवरणाच्या अगदी खाली ध्वनीच्या उलटसुलट परावर्तनांची गर्दी असते आणि तिथे कडकपणा खोटा वाढलेला दिसतो. म्हणून मापनाची चौकट आवरणाखाली १.५ ते २ सेंटीमीटरवर ठेवावी. फार खोलही जाऊ नये. पोटाच्या प्रोबची पुश पल्स बहुधा प्रोबपासून ४ ते ४.५ सेंटीमीटरवर सर्वात जोमदार असते आणि ६ सेंटीमीटरच्या पलीकडे ती इतकी क्षीण होते की लहर उठलीच नाही तरी यंत्र गोंगाटातून काहीतरी आकडा काढून देऊ शकते. या दोन मर्यादांमध्ये उरतो तो पट्टा अरुंद आहे. सडपातळ रुग्णात तो सहज सापडतो. पोटावर आणि बरगड्यांवर चरबी जास्त असेल तर आवरणच ३ सेंटीमीटरवर सुरू होते, आणि मग दोन्ही अटी एकाच वेळी पाळताना कसरत होते. अशा वेळी दुसरी फट शोधावी. तिथेही जमत नसेल तर ‘मापन शक्य झाले नाही’ असे लिहिण्यात कमीपणा नाही.

चौकटीत रक्तवाहिन्या, पित्तनलिका, गाठी आणि बरगडीची सावली येऊ देऊ नये. टू-डी पद्धतीत आधी मोठी रंगीत चौकट ठेवली जाते आणि तिच्या आत, जिथे रंग एकसारखा आहे तिथे, साधारण १ सेंटीमीटर व्यासाचे वर्तुळ मापनासाठी ठेवले जाते. कोणता रंग कडक आणि कोणता मऊ हे प्रत्येक यंत्रावर वेगळे असू शकते. काही यंत्रांवर लाल म्हणजे कडक, काहींवर बरोबर उलट. पडद्याच्या कडेची रंगपट्टी पाहिल्याखेरीज रंगावरून काहीही बोलू नये.

श्वास, हात आणि बटण

‘मोठा श्वास घ्या आणि रोखा’ ही सोनोग्राफीतली रोजची सूचना इथे घातक ठरते. खोल श्वासाने आणि त्यानंतर नकळत होणाऱ्या कुंथण्याने यकृतातल्या शिरांमधला दाब बदलतो आणि कडकपणा वाढलेला दिसू शकतो. रुग्णाला नेहमीसारखा श्वास घेऊ द्यावा आणि मध्येच सहजपणे ‘आता जिथे आहात तिथेच थांबा’ असे सांगावे. चार-पाच सेकंद पुरतात. सुरुवातीला एकदोनदा रंगीत तालीम करून घ्यावी. घाबरलेला रुग्ण हटकून छाती भरून घेतो, आणि ते पडद्यावर यकृत खाली सरकताना स्पष्ट दिसते.

प्रोब धरलेला हात टेबलावर किंवा रुग्णाच्या बरगड्यांवर टेकवावा, म्हणजे तो थरथरत नाही. बरगड्यांच्या आड असलेल्या यकृतावर प्रोबच्या दाबाचा परिणाम तुलनेने कमी होतो, तरीही उगाच रेटू नये. बटण दाबल्यावर टू-डी पद्धतीत नकाशा स्थिर व्हायला काही सेकंद लागतात. पहिल्याच चित्रावर गोठवण्याची घाई करू नये. यंत्रात गुणवत्तेचा वेगळा नकाशा किंवा विश्वासार्हतेचा आकडा असेल तर तो आधी पाहावा, किलोपास्कल नंतर. पुश पल्समुळे प्रोब तापू नये म्हणून अनेक यंत्रे दोन मापनांमध्ये क्षणभर थांबायला लावतात. तो यंत्राचा बिघाड नव्हे.

किती वेळा मोजावे, आणि आकडे कसे जुळवावे

पॉइंट शिअर वेव्ह आणि ट्रान्झियंट पद्धतीत १० मापने घ्यावीत. टू-डी पद्धतीत नकाशाची गुणवत्ता चांगली असेल तर ५ पुरतात. प्रत्येक मापन वेगळ्या श्वासविरामात घ्यावे. एकाच गोठवलेल्या चित्रावर वर्तुळ फिरवून पाच आकडे काढणे म्हणजे पाच मापने नव्हेत.

समजा, एका रुग्णात किलोपास्कलमधली दहा वाचने अशी आली: ६.१, ५.८, ६.४, ६.०, ९.७, ५.९, ६.३, ६.२, ५.७, ६.०. चढत्या क्रमाने लावल्यावर पाचवे वाचन ६.० आणि सहावे ६.१, म्हणून मध्यक ६.०५. सरासरी काढली असती तर एकट्या ९.७ ने तिला ६.४ वर ओढले असते. म्हणूनच अहवालात सरासरी नव्हे, मध्यक देतात. आता पसारा पाहू. खालून तिसरे वाचन ५.९ आणि वरून तिसरे ६.३, म्हणजे मधल्या निम्म्या वाचनांचा पसारा, ज्याला यंत्रावर आयक्यूआर म्हणतात, ०.४ इतका आहे. त्याला मध्यकाने भागले तर सुमारे ७ टक्के येतात. किलोपास्कलमध्ये हे गुणोत्तर ३० टक्क्यांपर्यंत असेल तर मापने ग्राह्य धरतात. मीटर प्रति सेकंदमध्ये मोजत असाल तर हीच मर्यादा १५ टक्के होते. त्याचे कारण वर आलेच आहे: किलोपास्कल वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने वेगातला लहान टक्का तिथे जवळजवळ दुप्पट होऊन उमटतो.

त्या ९.७ चे काय करावे? आकडा इतरांशी जुळत नाही एवढ्याच कारणाने तो पुसू नये. त्याचे चित्र उघडून पाहावे. चौकटीत शीर आली असेल किंवा रुग्णाने श्वास सोडलेला दिसत असेल तर ते मापन बाद करून नवीन घ्यावे. चित्र स्वच्छ असेल तर आकडा राहू द्यावा, मध्यक त्याने हलत नाही. उलट बाजूही ध्यानात ठेवावी. पसारा कमी आहे म्हणजे आकडा बरोबर आहे, असे मुळीच नाही. दहाही वेळा रुग्णाने छाती भरून श्वास रोखला असेल किंवा तो जेवून आला असेल, तर दहाही आकडे एकमेकांशी उत्तम जुळतील आणि दहाही चढे असतील.

आकड्याचा अर्थ

पुश पल्सवर चालणाऱ्या पद्धतींसाठी सोसायटी ऑफ रेडिओलॉजिस्ट्स इन अल्ट्रासाऊंड या संस्थेने २०२० मध्ये सोपे टप्पे दिले आहेत. विषाणूजन्य हिपॅटायटिस आणि फॅटी लिव्हरच्या रुग्णांत ५ किलोपास्कल किंवा त्याहून कमी असेल तर यकृत सामान्य असण्याची शक्यता खूप असते. ९ पेक्षा कमी असेल आणि इतर लक्षणे नसतील, तर भरपाई अवस्थेतला (यकृत अजून काम निभावून नेत असलेला) प्रगत यकृतविकार नाकारता येतो. ९ ते १३ मध्ये त्याचा संशय येतो आणि आणखी तपासण्या लागू शकतात. १३ च्या वर तो आहे असे धरतात. १७ च्या वर पोर्टल शिरेतला दाब लक्षणीय वाढला असल्याचा संशय घेतात.

ट्रान्झियंट इलॅस्टोग्राफीचे टप्पे वेगळे आहेत: २०२१ च्या बाव्हेनो-सात या तज्ज्ञपरिषदेने १०, १५, २० आणि २५ किलोपास्कल असे पाच-पाचच्या अंतराने ते ठरवले. एका पद्धतीचे टप्पे दुसरीला लावू नयेत. पुढच्या तपासणीसाठीही त्याच रुग्णाला शक्यतो त्याच यंत्रावर बोलवावे, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे थोडे वेगळे येतात आणि तो फरक आजार वाढला किंवा घटला असा वाचला जाऊ शकतो.

एमआर इलॅस्टोग्राफीचा अहवाल हाती आला तर आणखी एक सापळा असतो. तिथे ६० हर्ट्झच्या कंपनावर मोजलेला शिअर गुणांक देतात, यंगचा नव्हे. तो साधारण एकतृतीयांश असतो. तिथले ५ किलोपास्कल म्हणजे सामान्य यकृत समजणारा वाचक सिरॉसिसचा रुग्ण घरी पाठवून देईल, कारण त्या मोजपट्टीवर सामान्य यकृत २.५ च्या खाली असते आणि ५ च्या वरचा आकडा शेवटच्या टप्प्याकडे बोट दाखवतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून १९९५ मध्ये पुढे आलेल्या या तंत्राचा मोठा फायदा असा की यकृताचा बराच मोठा भाग एकदम मोजला जातो, आणि स्थूल शरीर किंवा पोटातले पाणी यांची अडचण फारशी होत नाही. पोटातल्या पाण्यापुढे ट्रान्झियंट पद्धत मात्र हात टेकते, कारण शिअर लहर द्रवातून जातच नाही. यकृतात लोह साचले असेल तर एमआरचा नेहमीचा ग्रेडियंट एको क्रम अपयशी ठरतो आणि स्पिन एको क्रम वापरावा लागतो.

अहवालात मध्यक, एकक, आयक्यूआरचे गुणोत्तर, मापनांची संख्या, पद्धत आणि यंत्राचे नाव, प्रोब, उपवासाचे तास आणि रक्ताच्या अहवालातली अडचणीची बाब, एवढे आलेच पाहिजे. ‘एफ-३’ सारखी तंतुमयतेची श्रेणी छापणारी यंत्रे आहेत, पण ती श्रेणी बायोप्सीच्या सूक्ष्मदर्शकाखालची आहे. मापनावरून ती जशीच्या तशी लिहू नये, असे माझे मत आहे.

यकृताबाहेर

स्तन आणि थायरॉइड यांवर प्रोब जवळजवळ थेट टेकतो, म्हणून तिथे यकृताच्या उलट हाताचा दाबच सर्वात मोठा शत्रू ठरतो. भरपूर जेल घालून प्रोब नुसता टेकवावा; किंचित रेटले तरी निरोगी ऊतीही कडक दिसू लागते. स्तनातल्या फार कडक कर्करोगात कधीकधी गाठीच्या आत रंगच भरत नाही आणि फक्त भोवती कडक वलय दिसते. त्या रिकाम्या जागेला मऊ समजू नये. स्नायूंत तंतूंच्या दिशेने लहर वेगाने जाते आणि आडव्या दिशेने मंद, त्यामुळे प्रोब तंतूंना समांतर ठेवला होता की आडवा हे नोंदवल्याशिवाय आकडा निरर्थक आहे. सांधा किती अंशांत वाकलेला होता आणि स्नायू सैल होता का, हेही लिहावे लागते.

सराव निरोगी सहकाऱ्यावर सुरू करावा. उपाशीपोटी नेहमीच्या श्वासावर दहा मापने घ्यावीत, मग मुद्दाम खोल श्वास रोखून, मग चौकट आवरणाला चिकटवून, आणि मग जेवणानंतर पुन्हा दहा. त्याच व्यक्तीवर दुसऱ्या एकाने स्वतंत्रपणे, पहिल्याचे आकडे न पाहता, मापन करावे. दोघांचे मध्यक जुळत नसतील तर यंत्राला दोष देण्याआधी दोन्ही संच उघडून आधी चौकटीची खोली, मग आवरणाची रेषा आणि शेवटी श्वासाची अवस्था ताडून पाहावी.